सहा एक्झॉस्ट लावले, तरी गोडाऊन तापलेलंच

आज जरा घामाची गोष्ट. तुमच्यातले बरेच जण हे शिफ्टला जाता-येता ऐकता, हे मला तुमच्या व्हॉइस नोट्सवरून कळतं. मागे गाड्यांचे हॉर्न असतात ना! तर आजचा विषय आहे गोडाऊनच्या भिंतीवरचा पंखा.

मी भिवंडीत एका गोडाऊनला शिफ्ट इनचार्ज होतो. नाव नको. पत्र्याचं छत, आत लोखंडी माळा, माळ्यावर पोरं-पोरी पिकिंग करायची. एप्रिलच्या एका दुपारी एक पोरगा माळ्यावरच चक्कर येऊन बसला. उतरवला, पाणी पाजलं, सावलीत झोपवला. दवाखान्यात नेल्यावर शुद्धीवर नीट आला, पण परत कामावर काही आला नाही. त्याची आई हिशेब घ्यायला आली, तेव्हा मला तोंड वर करून बघवेना.

मालकाने मात्र टाळाटाळ केली नाही, हे सांगायला हवं. आठवड्यात चोवीस इंची सहा एक्झॉस्ट आणले. आणि गंमत बघा, काहीच फरक पडला नाही. माळ्यावर तीच भट्टी.

मी कागदावर हिशेब मांडला. गोडाऊन 100 फूट लांब, 60 फूट रुंद, 30 फूट उंच. म्हणजे आत 1,80,000 घनफूट हवा. एका पंख्याच्या पाटीवर लिहिलेलं, मिनिटाला 5,000 घनफूट. सहाचे झाले 30,000. म्हणजे दर सहा मिनिटांनी सगळी हवा बदलायला पाहिजे, तासाला दहा वेळा. कागदावर एकदम झकास.

मग आमचे वायरमन चाचा आले. म्हणाले, "साहेब, पंखा हवा फेकतोय बरोबर. पण कुठली फेकतोय ते बघितलं का?" त्यांनी लांब काठीला पातळ पॉलिथिनची पट्टी बांधली आणि गोडाऊनभर फिरले. शटरपाशी पट्टी आत ओढली गेली आणि लगेच सरळ वर, पंख्याकडे. मधल्या रॅकांत? निपचित. माळ्यावर? निपचित.

झालं होतं असं, की पंखे बसवले होते शटरच्याच भिंतीवर, शटरच्या डोक्यावर. का? तर वायरिंग तिथं जवळ होतं. बाहेरची हवा शटरमधून आत यायची आणि दहा-पंधरा फुटांवरूनच परत बाहेर. आम्ही रस्त्याची हवा रस्त्याला परत देत होतो, वर वीजबिल भरत होतो.

इथे एक गोष्ट घरी करून बघा. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही जमत. फुंकलेली हवा झोत होऊन लांब जाते, ओढलेली हवा मात्र तोंडाजवळची, सगळ्या बाजूंनी येते. एक्झॉस्टचं तेच आहे. साठ फुटांवरची गरम हवा तो स्वतःहून खेचून आणत नाही. ताजी हवा कुठून येणार, यावरच सगळं ठरतं. पंखा एका भिंतीला, तर वाट समोरच्या भिंतीला हवी. मग मधलं सगळं धुऊन निघतं.

रात्री तर अजून वाईट. शटर बंद, पंखे चालू. बाहेर उघडणारं छोटं दार आतून ढकलायला खांदा लावावा लागायचा. आम्ही समजत होतो बिजागरी गंजली. अहो, आत हवाच यायला वाट नव्हती! पंखे नुसते घों-घों करत होते. चाचांचा हिशेब साधा: हवा मिनिटाला 500 फुटांच्या वेगाने आत यायची असेल, तर 30,000 साठी 60 चौरस फूट मोकळी जागा लागते. म्हणजे 10 फूट बाय 6 फूट. आमच्याकडे रात्री दाराखालची फट होती.

मग पंखे पूर्वेच्या भिंतीला नेले, वर, माळ्याच्या डोक्यापेक्षा उंच, कारण गरम हवा तिथेच साठते. शटर पश्चिमेला. आमच्याकडे दुपारचा वारा समुद्राकडून येतो, तोही आता ढकलायला लागला. आधी पंखे त्याच वाऱ्याच्या तोंडावर फेकत होते. शटरच्या बाजूला खाली जाळीचे झरोके पाडायचे ठरले, त्याला जागेचा मालक महिनाभर हो म्हणेना. भाड्याच्या भिंतीला भोक म्हणजे काय विचारता! आणि झरोके झाले त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्यासमोर कार्टनची थप्पी लावली. ती मीच हलवली, दोनदा.

एक पंखा तरी वेगळाच निघाला. हलवताना थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आणि तो उलटा फिरायला लागला, बाहेरची हवा आत. आवाज तोच, दिसायला तोच. कागद धरला तेव्हा कळलं.

फरक पडला का? पडला. आधी बाहेर 37 असताना माळ्यावर 43 दाखवायचं, नंतर 39 च्या आसपास. पण बाहेरच्या तापमानाच्या खाली पंखा नेऊच शकत नाही, कारण तो बाहेरचीच हवा आणतो. वरून तापलेला पत्रा अंगावर उष्णता फेकतोच. त्यामुळे छताला पांढरा रंग, पाण्याचे जार माळ्यावरच, आणि 12 ते 4 माळ्यावरचं काम कमी, हे वेगळं भांडून घ्यावं लागलं. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 13 मध्येसुद्धा ताज्या हवेबरोबर भिंती आणि छत कशाचं, हेही धरलेलं होतं. मला हे नोकरी सोडल्यावर वाचायला मिळालं.

आणि हो, जूनमध्ये हेच पंखे आंधळेपणाने चालवू नका. पावसाची दमट हवा आत आली की थंड फरशीला पाणी सुटतं, खालचे खोके मऊ पडतात.

उद्या शिफ्टला गेलात की काठीला पट्टी बांधा, तुमच्या कामाच्या जागेवर धरा. पट्टी हलली का, कुठल्या बाजूला, ते व्हॉइस नोटवर सांगा. हॉर्न चालतील.