हॉटेलची चोपडी काय सांगते?

पावसाळ्यांतील रविवारीं लोणावळ्यास गेलेल्या श्रोत्यांना तेथील हॉटेलांतील गर्दी सांगावयास नको. भुशी धरणाकडून भिजून आलेली मंडळी कांदाभजी व चहा यांसाठीं दाराशीं तिष्ठत असते. त्याच हॉटेलांत मंगळवारीं दुपारीं निराळें गिऱ्हाईक दिसतें : बँकेंतील कारकून, मालमोटारीचा चालक, मावळांतील खेड्यांतून बाजारास आलेला शेतकरी. दोघांचे पैसे एकाच गल्ल्यांत पडतात, आणि रात्रीं गल्ला मोजणाऱ्या मालकास दोघेहि एकच भासतात. येथेंच हिशेब फसतो.

कल्पना करावी, कीं एका हॉटेलांत रविवारीं ३०० बिलें झालीं आणि उरलेल्या सहा दिवसांत रोजचीं ५०. आठवड्याचीं बिलें ६००. सरासरी दिवसास सुमारें ८६. पण ८६ बिलांचा दिवस त्या आठवड्यांत उगवलाच नाहीं! या सरासरीवर दूध घेणाऱ्याचें दूध रविवारीं दुपारींच संपेल आणि मंगळवारीं नासेल.

या फसगतीवर संगणकाच्या चोपडींत उपाय आहे. १९७० मध्यें आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं माहिती साध्या तक्त्यांत ठेवून ते तक्ते समान नोंदींनीं जोडण्याची कल्पना मांडली. १९७४ मध्यें त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा तक्त्यांस प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच आजची ‘एस्क्यूएल’. या भाषेंत उत्तर कसें काढावें हें सांगावें लागत नाहीं. काय हवें तेवढेंच सांगावयाचें. ‘सिलेक्ट’ म्हणजे निवड, ‘व्हेअर’ म्हणजे अट, ‘जॉइन’ म्हणजे सांधा आणि ‘ग्रुप बाय’ म्हणजे गटवारी. बिलांच्या तक्त्यास पदार्थांचा तक्ता सांधून वारांप्रमाणें गट पाडले, कीं रविवार व मंगळवार क्षणांत वेगळे होतात.

तथापि यंत्र विचारलें तेवढेंच सांगतें. ‘सर्वांत अधिक काय खपलें?’ या प्रश्नास ‘भजी’ असें उत्तर येईल, आणि इंद्रायणी तांदळाच्या भाताचें साधें ताट यादीच्या तळाशीं जाईल. तें पाहून मालकानें ताट बंद केलें, तर पावसाळा सरल्यावर ज्यांच्या जिवावर चूल पेटती राहते, तींच माणसें दुसरीकडे जेवूं लागतील. ‘महिन्यांत चारपेक्षां अधिक वेळां येणारे काय मागवितात?’ असें विचारलें असतें, तर कदाचित् तेंच ताट वर आलें असतें. मात्र पुन्हां येणारा ओळखावयाचा, तर बिलावर त्याचा दूरध्वनी क्रमांक लागतो. तो कशासाठीं हवा हें सांगून संमति घ्यावी. हा नुसता शिष्टाचार नव्हे. २०२३ सालीं संसदेनें संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत संमतीस मोठें स्थान आहे.

शिवाय चोपडीबाहेरहि पुष्कळ कांहीं घडत असतें. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या परिसरांत एकाच कुटुंबांतील पांच जण प्रवाहांत वाहून गेले. त्यानंतर मावळांतील पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. अशा जुलैंत एखाद्याची विक्री घटली, तर तक्ता घट दाखवील, कारण दाखविणार नाहीं; आणि मालक उगाच आचाऱ्यास बोल लावील. तसेंच रांग पाहून न जेवतां परतलेल्या कुटुंबाची नोंद कोणत्याहि तक्त्यांत नसते, कारण त्याचें बिलच झालेलें नसतें. ती नोंद दाराशीं उभ्या असलेल्या माणसानेंच ठेवावयाची.

म्हणून हॉटेलवाल्यानें दर महिन्यास चोपडीस तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या वारीं काय खपतें, पुन्हां पुन्हां येणारा काय मागवितो, आणि पूर्वीं येणारा कोण यावयाचा थांबला? पहिल्या दोहोंचें उत्तर तक्ता देईल. तिसऱ्याचें तो केवळ अर्धें देईल. कोण थांबला तें सांगेल, कां थांबला तें नाहीं. त्यासाठीं मालकानें गल्ल्यावरून उठून मंगळवारच्या दुपारीं टेबलांमधून एक फेरी मारावी.