नेट आहे का, ते खरं सांगा

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत हवा सुखाची असते. लॅपटॉपवर ऑफिसचं काम करणारे पाहुणे तेव्हा महिनाभर राहायला येतात. त्यांना गोव्याची गर्दी नको, शांतता हवी असते.

गेल्या वर्षी आमच्या गटाने एका ताईंना फोनवर सांगितलं, "नेट छान आहे." त्या आल्या, मीटिंगमध्ये सारखा आवाज तुटायचा. चौथ्या दिवशी त्या निघून गेल्या. उरलेले पैसे आम्ही परत केले.

आता आम्ही आधी त्या खोलीत बसून व्हिडिओ कॉल लावून बघतो. वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास चालतो, टेबल-खुर्ची आहे का, दवाखाना किती लांब, सगळं खरं सांगतो. काही जण नको म्हणतात. येतात ते मात्र महिनाभर राहतात. तुम्हीही खोली देणार असाल, तर आधी एवढं तपासा.