निर्बंधांची झळ कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आर्थिक निर्बंध म्हटले की आपल्याला दक्षिण आफ्रिका आठवते, आणि ते योग्यच आहे. जुलै १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, भारताने तेथील वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडला. असे पाऊल उचलणारा भारत हा पहिला देश. आपल्या एकूण निर्यातीचा सुमारे साडेपाच टक्के हिस्सा त्या वेळी तिकडे जात असे. तागाच्या गोण्या हा त्यातला मोठा जिन्नस. तो तोटा आपण सोसला. पण हा निर्बंध तेथील भारतीयांच्या शिष्टमंडळानेच मागितला होता. पुढे १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली यांनीही, आपल्याच लोकांचे हाल होतील हे जाणून, जगाकडे बहिष्काराची मागणी केली. मागणाऱ्याची झीज सोसायची तयारी होती आणि लादणाऱ्यानेही पदरमोड केली.

इराणवरील अमेरिकी निर्बंध या जातीचे नाहीत. तेथील राजवटीविषयी आपल्याला ममत्व असण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांवर तिने काय अत्याचार केले ते आपण पाहिले आहे. परंतु निर्बंधांची झळ सत्ताधाऱ्यांपर्यंत पोचण्याआधी कोणाकोणाला होरपळते?

आपला तांदूळ-निर्यातदारच घ्या. तांदळावर बंदी कधीच नव्हती. इराणी तेलाची किंमत युको बँकेतील खात्यात रुपयांत जमा होई आणि त्यातून आपल्या बासमतीचे व चहाचे पैसे चुकते होत. डॉलरच्या वाटेला जायलाच नको, अशी ती सोय. मे २०१९ मध्ये अमेरिकेने दिलेली सवलत संपली, आपण तेल घेणे थांबवले आणि त्या विहिरीचा झराच आटला. माल बंदरावर उतरला तरी पैसे अडकू लागले. मोठी पेढी दुबईमार्गे वाट काढते. लहान व्यापाऱ्याला व्याज भरता भरता धंदा आवरावा लागतो. तोटा तो खरेदीच्या भावात वळता करतो, म्हणजे अखेर शेतकऱ्याच्या माथी मारतो.

पलीकडच्या तीरावर औषधांचे तेच. कागदावर औषधांना मोकळीक होती, पण दंडाच्या भीतीने बँका व्यवहाराला हातच लावीत नसत. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने औषधे व अन्नधान्य यांवरील अडथळे दूर करण्याचा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला. त्या आदेशानंतरही बँकांची भीती गेली नाही.

मे २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज म्हणाल्या होत्या की, भारत केवळ संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध मानतो. वर्षभरातच एका राष्ट्राच्या हुकमावरून तेल बंद झाले. १९४६ मध्ये परतंत्र देशाने स्वतःहून घेतलेला निर्णय आणि २०१९ मध्ये सार्वभौम देशाने निमूटपणे पाळलेला हुकूम, यांतील अंतराचा जाब आपल्या प्रतिनिधींनी संसदेत मागितला पाहिजे. अडकलेल्या रकमांची हमी सरकार का घेत नाही, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा.