संगणकाची तारीख

मोबाइलवर आपल्याला तारीख, वार, वेळ सगळं दिसतं. आत मात्र बहुतेक वेळा एकच आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले. मोजणी सुरू होते ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. ही रीत युनिक्स प्रणालीची.

एक आकडा घेऊ, १७० कोटी. त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की १९,६७५ दिवस येतात आणि ८०,००० सेकंद उरतात. लीप वर्षं धरून तेवढे दिवस पुढे गेलं की येते १४ नोव्हेंबर २०२३, आणि उरलेल्या सेकंदांचे होतात रात्रीचे १० वाजून १३ मिनिटं २० सेकंद. ही जागतिक वेळ, यूटीसी. भारतासाठी साडेपाच तास मिळवा. मध्यरात्र ओलांडली जाते, आणि आपल्याकडे असतात १५ नोव्हेंबरच्या पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटं. क्षण एकच, तारखा दोन.

गफलत होते ती इथेच. अर्जात कुणी जन्मतारीख भरतं १५ ऑगस्ट. प्रोग्रॅम तिला भारतातली मध्यरात्र समजतो आणि यूटीसीत साठवतो, म्हणजे १४ ऑगस्टचे संध्याकाळचे साडेसहा. पुढे कुणी त्यातली नुसती तारीख उचलली की वाढदिवस एक दिवस अलीकडे! माझं ठाम मत आहे, की जन्मतारखेला वेळ चिकटवूच नये. ती तारीख म्हणूनच साठवावी.

बरं, साडेपाच तासही कायमचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. कुठे, कधी, किती फरक होता याची एक सामायिक नोंदवही जगभरचे संगणक वापरतात. तिच्यात आपला विभाग कोलकात्याच्या नावाने आहे, आणि युद्धातला तो तासही आहे.

मुंबईच्या जुन्या वेळेला मात्र तिच्यात वेगळी जागा नाही. ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, आणि १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही शहरात कित्येक वर्षं ‘बॉम्बे टाइम’ चालू राहिला. १९१० सालच्या एखाद्या कागदावर त्या घड्याळाचे सकाळचे १० लिहिलेले असतील, तर संगणक ते प्रमाणवेळेचे १० धरेल आणि ३९ मिनिटांनी चुकेल. असे कागद संगणकावर चढवणाऱ्यांनी वेळेशेजारी घड्याळ कुठलं होतं तेही जरूर नोंदवावं.