कधी बोलणारे, कधी मुके यंत्र



या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ ऐकले असेल. माझा विषय त्यामानाने फारच लहान. संगणकाचा आवाज अधूनमधून जातो तो का, आणि त्याचा माग कसा काढावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु एखाद्याचे सारे वाचन त्या आवाजावर अवलंबून असले, म्हणजे विषय लहान राहत नाही.

आमच्या वाचनालयात लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक आहे. त्यावर एक अंध विद्यार्थी रोज सकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. ‘ऑर्का’ हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर उचलतो आणि ‘ईस्पीक’ तो मराठीत उच्चारतो. उच्चार जरा लोखंडी आहे. पण त्याला त्याची सवय झाली आहे. तुमच्याआमच्या यंत्राचा आवाज गेला तर गाणे थांबते. त्याचा गेला तर पुस्तकच मिटते. आणि तो आठवड्यातून एकदोनदा जाई! यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की बहुधा परत येई.

हे ‘बहुधा’ मोठे घातक. कायमचा बिघाड निदान आपल्या जागी उभा तरी राहतो. आमचे ग्रंथपाल टेबलावर एक थाप मारीत आणि मग यंत्र पुन्हा सुरू करीत. साहजिकच त्यांची श्रद्धा थापेवर बसली. दुरुस्तीला नेले, तर तेथे तीन दिवस ते अखंड बोलत राहिले. वैद्याच्या ओसरीवर दाढ दुखायची थांबावी, तसाच प्रकार.

मी ग्रंथपालांना हसलो खरा; पण माझी गत काही निराळी झाली नाही. साउंड कार्ड आणि बाकीचा संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. लिनक्समध्ये हे दुभाषे ‘अल्सा’ या व्यवस्थेत नांदतात. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये ती उभारावयास घेतली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलबरोबर ती सर्वत्र रूढ झाली. यांतले काही ड्रायव्हर, वीज वाचावी म्हणून, थोडी शांतता झाली की कार्डाला झोपवितात. ते जागे होईपर्यंत पहिले अक्षर गळून जाते. गाण्यात हे लक्षातही येत नाही. पण ‘अपात्र’ मधला ‘अ’ गळाला की उमेदवार पात्र ठरतो! विद्यार्थ्याची ही तक्रार होतीच. मी ‘पॉवर-सेव्ह’चा आकडा शून्यावर आणला. अक्षरे शाबूत राहू लागली, आणि पुढे पाच दिवस आवाजही गेला नाही. मी विजय जाहीर केला. सहाव्या सकाळी यंत्र मुके! मी बरा केला तो रोग खरा होता, पण दुसराच होता.

तेव्हा मात्र वही घातली. आवाज गेला की यंत्र बंद करावयाचे नाही. आधी नोंद करावयाची. घाईने पुन्हा सुरू करणे म्हणजे पंचनाम्यापूर्वीच जागा सारवून टाकणे. कर्नल आपली रोजनिशी लिहीत असतो. ‘डीमेसेज’ हा आदेश दिला की ती वाचावयास मिळते. ‘एप्ले’ला ‘एल’ जोडले की कार्डांची यादी येते. ही दोन्ही उतरून घ्यावयाची, आणि आवाज ठीक असेल त्या सकाळीही घ्यावयाची. लोक नेमके हेच टाळतात. आजाऱ्याचीच नाडी पाहत राहिले, तर निरोगी नाडी कशी चालते हे कळावे कसे? शिवाय नोंदी चालू असेतो यंत्रात कोणताही बदल करावयाचा नाही. ग्रंथपालांनी थाप सोडली आणि नोंदी नेमाने केल्या.

तीन आठवड्यांनी वही उलगडली. रोजनिशीत चूक म्हणून एकही नव्हती. फरक होता तो यादीत. बोलत्या दिवशी स्पीकरचे कार्ड शून्य क्रमांकावर आणि एचडीएमआयचे, म्हणजे मॉनिटरच्या तारेतून आवाज धाडणारे, एक क्रमांकावर. मुक्या दिवशी नेमके उलट. यंत्र सुरू होताना दोन्ही कार्डांना जवळजवळ एकदमच हाक जाते. जे आधी ‘ओ’ देईल त्याला शून्य क्रमांक मिळतो. आणि वेगळे काही सांगितले नसेल तर अल्सा शून्याकडेच आवाज पाठविते. आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत. म्हणजे यंत्र बोलत होते, पण भिंतीशी!

नव्या यंत्रांत ‘पाइपवायर’सारखा मध्यस्थ असतो आणि तो कार्डे नावाने ओळखतो. आमच्या यंत्राचा मध्यस्थ, ते हलके चालावे म्हणून, पूर्वी कोणीतरी काढून टाकला होता. तो ‘कोणीतरी’ मीच.

उपाय दोन ओळींचा निघाला. अल्साच्या ‘एसाउंड कॉन्फ’ या फाइलीत, आवाज अमुक कार्डाकडे पाठवावा असे, क्रमांक न देता कार्डाचे नाव घालून लिहिले. यादीतली अदलाबदल अजून होतेच. आवाजाला तिचे सोयरसुतक राहिले नाही.

मध्यंतरी एकदा यंत्र पुन्हा मुके झाले. ग्रंथपालांनी आधी यादी उतरली, रोजनिशी उतरली, आणि मग टेबलाखाली वाकून पाहिले. झाडताना केरसुणीने स्पीकरची तार ओढली गेली होती. वहीत तीही नोंद आहे.