दवाखाना कोण तपासणार?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण. अमरावती-अकोल्याच्या पोरांनी मागितलं म्हणून लिहून दिलं.)



आज कविता म्हणणार नाही. आज दवाखान्यावर बोलायचं आहे.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. तिथं क्रेनच्या अंगावर किती टन उचलायचं ते मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. हूक, साखळी, दोर कधी तपासला त्याची नोंद ठेवावी लागते. हे कोण्या मालकाच्या दयेनं आलं नाही. माणसं चेंगरून मेली, संघटना भांडल्या, तेव्हा आलं. म्हणून चार बुकं न शिकलेला हमालसुद्धा त्या आकड्याकडं बोट दाखवून मुकादमाला म्हणू शकतो, एवढं वजन चढणार नाही.

आता वऱ्हाडातल्या कुठल्याही वस्तीतल्या दवाखान्यात जा. भिंतीवर देवाचा फोटो, औषध कंपनीचं कॅलेंडर. डॉक्टर कोणत्या पॅथीचा? सुई नवी की कालची? हा दवाखाना शेवटी कोणी तपासला, कधी तपासला? भिंत मुकी. आपली माय पदराच्या गाठीतले पैसे सोडते, दंड पुढं करते. विचारायचं म्हटलं तर, ‘डॉक्टर तू का मी?’

कायदा नाही असं नाही. नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९चा आहे. दर तीन वर्षांनी नोंदणी नवी करायची, अधिकाऱ्यानं आत जाऊन पाहायचं. २०२१च्या नियमांनी तर रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणं सक्तीचं केलं. पण हा कायदा जिथं रोगी भरती करून घेतात तिथला. एक टेबल, एक पडदा, पडद्यामागं एक बाक, असा जो दवाखाना आपल्या वाट्याला येतो तो याच्यात बसतच नाही. दिल्लीनं २०१० साली लहानमोठ्या सगळ्याच दवाखान्यांसाठी कायदा केला. महाराष्ट्रानं तो घेतला नाही. तिकडं इंग्लंडात २०१३पासून गल्लीतल्या डॉक्टरलाही नोंदणी करावी लागते. तपासणी होते, आणि मिळालेला शेरा रोग्याला दिसेल असा लावावा लागतो. इथं शेरा फायलीत, फाईल कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाच्या खिशात.

आणि वरून येणारी तपासणी म्हंजे काय, तेही पाहून घ्या. ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. सगळ्या दवाखान्यांचं फायर ऑडिट करा, असा हुकूम सुटला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, कोरोनाचे ११ रोगी गेले. हुकूम होता. कागद होता. माणसं जळाली.

ऑक्टोबर २०२३, नांदेड. सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जीव गेले, त्यात १२ नवजात बाळं. एक खासदार तपासायला आले आणि अधिष्ठात्याला संडास धुवायला लावला. अधिष्ठाता आदिवासी. पुढं अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. औषध का नाही, माणसं का नाहीत, पैसा कुठं अडला, हे मंत्रालयाला विचारायचं होतं. विचारलं कोणाला, तर आदिवासी माणसाला, आणि तेही झाडू हातात देऊन. याला तपासणी म्हणता? ही जुनीच रीत आहे. घाण कोणाचीही असो, हात आमचाच पाहिजे.

म्हणून मी म्हणतो, दवाखाना तपासायचा तर झाडणाऱ्याला विचारा. सुई कुठं टाकतात ते त्याला ठाऊक. रक्ताचा बोळा कोणत्या पिशवीत जातो ते त्याला ठाऊक. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात : सुयांना वेगळा पांढरा डबा, जो टोचून फुटणार नाही. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. कचरा हाताळणाऱ्याला धनुर्वात आणि हेपॅटायटिस-बीची लस, वर्षातून एकदा तरी त्याच्या अंगाची तपासणी. आणि हे नियम त्या पडद्यामागच्या बाकालाही लागू आहेत! आता तुमच्या वस्तीत जो बाप, जी माय दवाखाने झाडते, तिला घरी जाऊन विचारा, ‘लस टोचली काय वं माय?’ तिचं उत्तर हाच तपासणीचा खरा अहवाल. तिची जात मी सांगायला नको.

कोणी म्हणेल, अडाणी लोक काय तपासणार? त्याला सांगा, तपासून झालं आहे. २००७ साली सरकारी आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली ती पाच जिल्ह्यांत : पुणे, ठाणे, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद, आणि मेळघाट ज्या जिल्ह्यात येतो ती आपली अमरावती. गावच्या लोकांनी सेवेला रंग दिले. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. मग जनसुनवाई. डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले, आणि बाई उभी राहून सांगते, औषध बाहेरून आणायला लावलं. पदवी लागली नाही. डोळे लागले, आणि बोलायची हिंमत लागली. पण त्या पाचांत अकोला नव्हता. आणि खाजगी दवाखाना त्यात कुठंच नव्हता. तिथून पुढचं काम आपलं.

तर हे करा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा स्टॅम्प. दोन्ही महानगरपालिकांना विचारा : नोंदलेली रुग्णालयं किती? प्रत्येकाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला? काय उणं निघालं, पुढं काय केलं? तो कायदा कागद स्वतः बसून पाहायचाही हक्क देतो. चौघं जा, पाहा, उतरवून घ्या, आणि वस्तीत जाहीर वाचा.

आणि मागा. गल्लीतला दवाखानाही कायद्याखाली आणा. न सांगता तपासा. तपासणी पथकात एक सफाई कामगार, एक वस्तीतली बाई घ्या. अहवाल मराठीत, दारावर, ठळक अक्षरात.

डॉक्टरवर हात उचलायचा नाही. हात उचलला की आपण गुंड ठरतो अन् फाईल पुन्हा कपाटात जाते. त्याला फक्त विचारायचं. विचारलेलं त्यांना जास्त झोंबतं.

१९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीचं दार उघडावं म्हणून परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. देवळाच्या दारावर हक्क सांगणारी आपली माणसं. मग दवाखान्याच्या पडद्यामागं काय चालतं ते पाहायला कोणाची परवानगी पाहिजे?

उद्या सोमवार. कचेऱ्या उघड्या आहेत. अर्ज लिहा.

जय भीम.