स्मृती राखली, तर बुद्धी राहील



महाशिवरात्रीला वसई पूर्वेच्या तुंगारेश्वर डोंगरावर भाविकांची रीघ लागते. वसई, नालासोपारा, विरारची कुटुंबे मुलाबाळांसह महादेवाच्या दर्शनाला जातात. याच दिवसांत, आणि पुढे धुळवडीला, काही घरांत भांगेचा विषय हसतखेळत निघतो. ‘महादेवाचा प्रसादच तो’ असे म्हणत थंडाईचा पेला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्याही हाती दिला जातो. तोच मुलगा पुढे मित्रांच्या टोळक्यात गांजा ओढताना आढळला, की घरावर आभाळ कोसळते. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. तिन्ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत, याचा मात्र विसर पडतो.

या वनस्पतीतील मादक घटक, टीएचसी, राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मानवी मेंदू अल्प प्रमाणात स्वतःच असे एक द्रव्य निर्माण करतो, हे १९९२ मध्ये उघड झाले. संशोधकांनी त्याला संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ हे नाव दिले. बाहेरून आलेले टीएचसी नेमकी त्याचीच जागा बळकावते. नव्या अनुभवांची नोंद करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, तेथे त्याचा आघात विशेष होतो.

परिणाम काय होतो? नशेत वाचलेले पान त्या क्षणी समजल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी ते आठवत नाही. जे वहीत उतरलेच नाही, ते परीक्षेत सापडणार कसे? बोलता बोलता विचाराचा धागा तुटतो. पाच मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. लक्ष विचलित होते, प्रतिक्रिया मंदावते. अशा अवस्थेत दुचाकी चालविणे वा रूळ ओलांडणे जिवावर बेतू शकते. जुन्या आठवणी मात्र बहुधा शाबूत राहतात. त्यामुळे ‘मला काहीच झालेले नाही’ असे मुलाला प्रामाणिकपणे वाटते. खरी फसगत येथेच आहे.

धुराचा अंमल काही मिनिटांत चढतो आणि काही तासांत ओसरतो. भांग पोटात गेल्यावर अंमल चढण्यास अर्ध्यापासून दोन तास लागू शकतात. ‘काहीच चढले नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग सहा-सहा तास भान राहत नाही. पचण्यापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधरसंहितेने भांगेचेच नाव घेतले आहे.

१९८५ च्या केंद्रीय अंमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. परंतु कायद्यातील सूट म्हणजे निरुपद्रवीपणाचा दाखला नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात या ना त्या रूपात या वनस्पतीचे सेवन केले होते.

राहिला प्रश्न महादेवाचा. त्याने हलाहल कंठी धारण केले ते सृष्टीच्या रक्षणासाठी, मौजेसाठी नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधःपाताचा क्रम सांगितला आहे. त्यात आधी स्मृती ढळते आणि मागोमाग बुद्धी नष्ट होते. हा क्रम आजच्या पालकांनी मनावर कोरून घ्यावा.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने १६ ते २५ वयोगटातील सेवनकर्त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सेवन थांबविणाऱ्यांची नवे शिकण्याची स्मृती सुधारली आणि ही सुधारणा मुख्यतः पहिल्याच आठवड्यात दिसली. म्हणून मारझोड नको आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लपवाछपवीही नको. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ ने खटल्यापासून संरक्षण दिले आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आई-वडिलांनी निदान एक जेवण मुलांसोबत घ्यावे. कार्यकर्त्यांनी सायंकाळची मैदाने खेळांनी गजबजती ठेवावीत.

१७३९ मधील चिमाजी अप्पांच्या पराक्रमाची स्मृती वसईने आजवर जपली आहे. समाजाची स्मृती व्यक्तींच्या स्मृतीतूनच वाहते. महादेवाला बेलाचे एक पान पुरते. त्याच्या नावाने मुलांच्या बुद्धीचा नैवेद्य दाखविण्याची गरज नाही.